शाळांची श्रेणी : गुण कशाचे?

२०२०-२१ च्या कामगिरी श्रेणी निर्देशांकात महाराष्ट्रास १००० पैकी ९२८ गुण मिळाले. केरळ व पंजाब यांच्याइतकेच. यश अभिनंदनीय खरे, परंतु गुणांची विभागणीही पाहावयास हवी. २०१७-१८ पासूनच्या मूळ रचनेत ७० निकष होते. त्यांत अध्ययन निष्पत्तीस १८० गुण, तर प्रशासकीय प्रक्रियांस ३६०, म्हणजे नेमके दुप्पट! शिवाय पहिल्या तीनही वर्षी अध्ययनाचे गुण २०१७ च्या एकाच राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणावरून दिले गेले. साहजिकच त्या काळातील गुणवाढ अध्ययनाची नव्हती. हे सर्वेक्षण नमुना पद्धतीचे असल्याने एकेका गावच्या शाळेची स्थिती त्यातून कळत नाही. ती शाळा व्यवस्थापन समितीने वर्गात बसून, मुलांकडून उतारा वाचवून घेऊनच जाणून घ्यावी लागते.