ग्रंथ जाळण्यावर बंदी, टीकेवर नाही

प्रश्न : मुलगा कोपनहेगनला शिकतो. तिथे धर्मग्रंथ जाळायला बंदी आली म्हणे. आता वर्गात धर्माविषयी परखड बोलला तरी गुन्हा होईल का? – एक आई, सांगली

उत्तर : नाही ताई, निर्धास्त राहा. डिसेंबर २०२३ मध्ये ९४ विरुद्ध ७७ मतांनी झालेला डॅनिश कायदा मान्यताप्राप्त धर्मांचे पवित्र ग्रंथ चारचौघांत जाळणं, फाडणं, तुडवणं एवढंच रोखतो. शिक्षा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. टीका, विडंबन, व्यंगचित्रं यांना हात लावलेला नाही. ईशनिंदेचं कलम तर २०१७ मध्येच रद्द झालं. (मला ही विभागणी रास्त वाटते.) मात्र घरात जाळून चित्रफीत पसरवली, तरी गुन्हाच. ती दुष्ट हेतूनं भारतात फिरवली, तर भारतीय न्याय संहितेचं धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचं कलम २९९ लागू शकतं. वर्गात त्याला खुशाल वाद घालू द्या.