नीळ की उन्हाळी?

प्रश्न : बांधावर गुलाबी-जांभळ्या फुलांचे झुडूप आहे. त्यापासून नीळ निघेल का?

उत्तर : वर्णनावरून ती उन्हाळी, म्हणजे शरपुंखाही असू शकते. पानाचे टोक धरून ओढा. ते शिरांच्या रेषेत तिरके, ‘व्ही’सारखे फाटले तर उन्हाळीच समजा. शेंगाही पाहा : उन्हाळीच्या चपट्या, निळीच्या बारीक आणि गोलसर. निळीचा पाला वाळताना निळसर-काळा पडतो. खरी परीक्षा मात्र पाण्यात. ताजा पाला रात्रभर भिजवून गाळा, थोडा चुना घाला आणि ताकासारखे घुसळत राहा. (हात भरून येतात, पण घाई करू नका.) फेस निळा झाला, की झाड निळीचेच. पाला फुले येण्याच्या सुमारास तोडा; पुढे रंग कमी मिळतो.