घरी विमान शिकताना पैसे कशावर घालावेत

दुकानात जाऊन "फ्लाइट सिम्युलेटर चालेल असा कॉम्प्युटर द्या" एवढं म्हटलं, की लाख-दीड लाखाचं कोटेशन हातात पडतं. नवशिक्याने नेमकं तिथूनच सुरुवात करू नये. ज्याला अजून विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवर धरता येत नाही, त्याला ढगांच्या सावल्या कितीही खऱ्या दिसल्या तरी उपयोग नाही. पैसे घालावेत, पण क्रमाने. पहिला महिना काहीच नाही. मग हातासाठी. मग खरोखर गरज पटली तर डोळ्यांसाठी, आणि सगळ्यात शेवटी पायांसाठी.

पहिल्या महिन्यासाठी 'फ्लाइटगिअर' पुरेसं आहे. जगभरचे हौशी प्रोग्रामर १९९० च्या दशकापासून मिळून ते घडवत आले आहेत, ते पूर्ण मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दृश्यं साधी आहेत, हे मान्य. पण त्यातलं सेसना १७२ वागतं विमानासारखंच: नाक वर केलं की वेग पडतो, पूर्ण ताकद दिली की पंख्याच्या ओढीने डावीकडे झुकतं, वेग फार कमी केला की पंखांची उचल संपून खाली बसतं. शिकायचं हेच आहे. चित्राचा दर्जा उतरवून ठेवला तर पाच-सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही ते बहुधा चालतं.

एक सावधगिरी मात्र इथेच. हेच मोफत सॉफ्टवेअर नवं नाव देऊन पैशाला विकण्याचे प्रकार झाले आहेत आणि खुद्द फ्लाइटगिअरच्या मंडळींनी त्याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. 'शंभराहून जास्त विमानं, वीस हजार विमानतळ, आजच्या दिवस सवलत' अशी जाहिरात दिसली, तर आपण मोफत वस्तूचे पैसे मोजत नाही ना, हे आधी तपासा.

'एक्स-प्लेन १२' हे सिम्युलेटर विकत घ्यायचं असलं तरी त्याचा मोफत नमुना आधी उतरवून घ्या. त्यात प्रदेश आणि वेळ मर्यादित असते, पण आपल्या मशीनवर ते अडखळतं की नाही, हे पैसे न देता कळतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. परदेशी संकेतस्थळावर डॉलरमध्ये खरेदी केली तर कार्डावर बँक चलनबदलाचा आकार आणि त्यावर जीएसटी लावते. म्हणून रुपयांत दर दाखवणारं दुकान आधी पाहावं.

सगळ्यांना हवं असतं ते मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर. त्याची नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली आवृत्ती आपलं गाव, नदी, डोंगर उपग्रहचित्रांवरून दाखवते आणि त्यातला बराचसा भाग उडताना इंटरनेटवरून ओढून घेते. त्यामुळे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हा प्रकार करू नका. घरी मर्यादा नसलेलं फायबर हवं. कंपनीच म्हणते की किमान १६ जीबी रॅम हवी आणि शिफारस ३२ ची आहे. चांगलं ग्राफिक्स कार्ड वेगळंच. म्हणजे सॉफ्टवेअर काही हजारांचं आणि त्यासाठीचं मशीन पाऊण लाखाच्या पुढे. घरात मुलांच्या खेळासाठी किंवा व्हिडिओ संकलनासाठी असं मशीन आधीच असेल, तर जरूर घ्या. तेही आधी महिन्याच्या गेम पास वर्गणीतून चालवून पाहा. 'स्टीम' या ऑनलाइन दुकानातून घेतलं तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि वापर दोन तासांहून कमी असताना पैसे परत मागता येतात. सिम्युलेटर उघडून आत जे डाऊनलोड होतं, तो वेळही त्या दोन तासांत मोजला जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

आता हातासाठी. माझ्या मते नवशिक्याने करायचा खरा खर्च हाच. कीबोर्डची कळ एक तर दाबलेली असते, नाही तर सुटलेली. विमानाला हवा असतो बोटभर, अर्धा बोट दाब. कीबोर्डवर शिकलेला हात पुढे मोडून नव्याने घडवावा लागतो. लॉजिटेकची 'एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो' ही जॉयस्टिक साधारण साडेतीन ते पाच हजारांत मिळते. तिचा दांडा पिळला की शेपटीवरचा रडर हलतो, म्हणजे पेडलचं काम भागतं, आणि खाली थ्रॉटलची पट्टीही आहे. थ्रस्टमास्टरची 'टी १६०००एम' तिच्याहून महाग, पण तिच्या दांड्याचे सेन्सर चुंबकीय आहेत, घासून झिजत नाहीत, आणि ती डावखुऱ्यांनाही चालते. दोन-तीन वर्षं रोज उडवायचं ठरलं असेल तर ती घ्यावी. नुसतं बघू म्हणत असाल तर पहिली पुरे.

जुनी जॉयस्टिक घ्यायला हरकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी केली तर अधूनमधून मिळून जाते. पण विकणाऱ्याच्या समोर लॅपटॉपला जोडून पाहा. विंडोजमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' अशी आज्ञा दिली की चौकटीत एक अधिकचिन्ह दिसतं. दांडा सोडल्यावर ते मधोमध स्थिर राहिलं पाहिजे. ते थरथरत असेल किंवा दांडा पिळताना शेजारची पट्टी उड्या मारत असेल, तर आतला भाग झिजलाय. मग ती अर्ध्या किमतीतही नको.

योक म्हणजे सेसनात असतं तसं सुकाणू. ते पंधरा-वीस हजारांपासून पुढे, पेडल दहा हजारांच्या वर. मी स्वतः पेडल घाईने घेतली. पाच महिन्यांत डावं पेडल अडकायला लागलं, तेव्हा विक्रेत्याने हात झटकले. डब्यावर भारतातल्या आयातदाराचं नावच नव्हतं, म्हणून वॉरंटी इथे लागू होत नव्हती. वजनमापांच्या नियमांप्रमाणे आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल विक्री किंमत छापलेली असावी लागते. ही माहिती नसेल तर वस्तू तिथेच ठेवून निघा. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण त्यासाठी पक्कं बिल हवं.

या सगळ्यावर शिकायचं काय? एकच विमान आणि एकच विमानतळ. मी पुण्याचा लोहगाव सुचवेन. प्रत्यक्षात तो हवाई दलाचा तळ, तिथे शिकाऊ विमानाला फेऱ्या मारू देणार नाहीत, पण घरी कोण अडवतो! शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून वर असल्याने विमान जमिनीवर असतानाच उंचीमापक सुमारे १,९०० फूट दाखवतो. पहिल्या दिवशीच माणसाला उमजतं की काट्यावरची उंची आणि पायाखालची उंची निराळ्या. सेसना १७२ सुमारे ५५ नॉटला जमीन सोडतं. त्याला चढू द्या, धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने आणा, काट्यावर साधारण २,९०० फूट धरा, मग दोन वळणं घेऊन ६५ नॉटच्या आसपास उतरायला या. हा एक फेरा. असे पन्नास करा. पहिले वीस वाईट होतील, ते होऊ द्यावेत. ज्याला दहा फेऱ्यांनंतर जेट हवंसं वाटतं, त्याला उतरणं कधीच नीट जमत नाही, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

म्हणूनच पैसे देऊन घ्यायची बोईंग-एअरबसची जोडविमानं पहिल्या वर्षी विसरा. उत्सुकता अनावर झाली तर मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी 'फ्लायबायवायर'चं एअरबस ए-३२० मोफत आहे. नकाशांसाठीही सुरुवातीला वर्गणी नको. भारतीय विमानतळांचे अधिकृत तक्ते विमानतळ प्राधिकरण मोफत पाहायला ठेवतं आणि 'लिटल नॅव्हमॅप' हे मार्ग आखायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. पुढे हिंमत झाली की 'व्हॅटसिम'वर या. तिथे जगभरचे हौशी लोक नियंत्रक होऊन तुमच्याशी खऱ्या पद्धतीने बोलतात, तेही पैसे न घेता.

पन्नास फेरे झाले की स्वतःला बक्षीस म्हणून लोहगावहून जुहूला जा. पवनेचं धरण डावीकडे ठेवून खंडाळ्याच्या कड्यावरून कोकणात उतरायचं. जमीन एकदम दोन हजार फूट खाली जाते, तो क्षण साध्या दृश्यातही पोटात गोळा आणतो. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूला उतरले, तिथेच तुम्हीही उतराल.

घरात चालणारा कॉम्प्युटर असेल तर पहिल्या वर्षाचा हिशेब चार ते दहा हजारांत बसतो: जॉयस्टिक, आणि वाटलं तर एक विकतचं सिम्युलेटर.

मुलाला पुढे वैमानिक करायचं म्हणून जे पालक मोठा खर्च काढतात, त्यांना एक स्पष्ट सांगणं. घरच्या सिम्युलेटरचे तास डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लॉगबुकात धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्याला लागणारे २०० तास खऱ्या प्रशिक्षणसंस्थेतच भरावे लागतात आणि त्याचा खर्च लाखोंत जातो. तेव्हा योक-पेडलवर पैसे घालण्याआधी डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडून मुलाची क्लास टू वैद्यकीय तपासणी करून घ्या.