वकील मोफत, हेलपाटे महाग

जव्हारच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकायचा तर किती पैसे लागतात? गावात हा प्रश्न काढला की आकडे हजारांतच ऐकू येतात. कायद्याच्या हिशेबाने मात्र उत्तर शून्याच्या जवळपास आहे. बाईचे पैसे जातात ते कोर्टाबाहेर.

आधी वकिलाचं बघू. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जमातीलाही हाच हक्क आहे, म्हणजे जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची वारली किंवा कोकणा बाई दोन्हीकडून पात्र ठरते. तिच्याकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कुणी मागत असेल तर तो विनाकारण मागतोय. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं. चौकशीसाठी १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. टायपिंग, नकला, समन्स बजावणी हा खर्चही यातच येतो. नेमून दिलेला वकील ‘चहापाण्याचे’ मागू लागला तर द्यायचे नाहीत. समितीचे अध्यक्ष न्यायाधीशच असतात, तक्रार त्यांच्याकडे करावी.

कोर्ट फीचंही तसंच. महाराष्ट्र शासनाने १९९४मध्येच पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. तीस वर्षं उलटली तरी अनेकींना ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते. खरी चाट बसते ती स्टॅम्पपेपरला. २०२४च्या ऑक्टोबरपासून शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला, आणि ‘प्रतिज्ञापत्र करायचंय, पाचशेचा स्टॅम्प आणा’ हे वाक्य कोर्टाच्या फाटकापाशी सहज कानावर येतं. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला हे मुद्रांक शुल्क २००४पासून माफ आहे. साधा कागद पुरतो.

मारहाण, घराबाहेर काढणं, खर्चाला पैसे न देणं यांसाठी सर्वांत स्वस्त वाट २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात, त्याला पैसे नाहीत. आदेशाची प्रतही फुकट. पोलिसात गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत विनामूल्य द्यावीच लागते. हिंसाचाराच्या अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. साठ दिवसांवर फार विसंबू नका, पण पहिल्याच तारखेला अंतरिम पोटगी मागून ठेवा. रजनेश वि. नेहा या २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असं ठरवलं. म्हणून ‘बघू, पुढच्या महिन्यात अर्ज करू’ म्हणणं हा सरळ तोटा आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो: ‘लग्नच झालं नाही, तर?’ लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून वारल्यांमध्ये जोडपी वर्षानुवर्षं एकत्र राहतात, मुलं होतात, आणि धवलेरीला बोलावून लग्न लावायचं राहूनच जातं. लग्नासाठी कर्ज काढून सावकाराकडे राबणाऱ्या लग्नगड्यांचा इतिहास याच मुलखातला. तेव्हा लग्न लांबणीवर पडलं म्हणून कुणी बाईला हिणवायचं कारण नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात विवाहासारखं नातंही धरलं जातं. पुरावे घरातच असतात: रेशनकार्डावरची नावं, मुलाचा जन्मदाखला, अंगणवाडीच्या नोंदवहीत बापाच्या रकान्यात लिहिलेलं नाव. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे घटस्फोटाचं प्रकरण रूढीवर जातं आणि किचकट होतं. हिंसाचार आणि पोटगीच्या अर्जाला ही अडचण नाही.

आता हेलपाटे. २०२५-२६साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एका तारखेला बाई आणि सोबतीला आई गेली की सहाशेच्या वर मजुरी बुडाली, गाडीभाडं वेगळं. एसटीत मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडे जगायला जातं तेव्हा तारखा चुकतात. अशा वेळी ध्यानात ठेवा, बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही हिंसाचाराचा अर्ज करता येतो. वीटभट्टीवर सहा महिने जाणार असाल तर आधी वकिलाशी बोलून कोर्ट ठरवा.

सोबतीला कोण घ्यावं? टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून १९८४मध्ये महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्यभर गेला. समाजकार्य शिकलेली बाई पोलिसांच्याच आवारात बसते, हे त्याचं बळ. मोखाड्यात निर्मला निकेतन महाविद्यालयाच्या प्रकल्पातून २००६मध्ये आरोहन ही संस्था उभी राहिली. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नोंदलेली सेवादायी संस्था हिंसाचाराचा अहवाल स्वतः भरू शकते. माझं मत विचाराल तर संस्थेची कार्यकर्ती आणि विधी सेवेचा वकील ही जोडी कुठल्याही महागड्या वकिलाहून भारी. एकटा वकील तारीख सांभाळतो, कार्यकर्ती घरी येऊन बघते. पण समेटाच्या बैठकीत कुणी घाई केली, मग ती पंचांची असो की समुपदेशकाची, तरी वाचल्याशिवाय आणि वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

जमिनीचा कागदही एकदा काढून बघा. २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहितांचा पट्टा दोघांच्या नावे असायला हवा, आणि ती जमीन नवऱ्याला परस्पर विकता येत नाही. नाव नसेल तर वनहक्क समितीकडे लेखी मागणी करा. वारसाहक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ला आदिवासी मुलीच्या बाजूने कौल दिला आहे, तो वकिलाला दाखवा.

यातल्या कोणत्याही कामासाठी कुणी पैसे मागितले तर आधी पावती मागा. पावती मिळत नसेल तर एक रुपयाही देऊ नका.