शुभ दिवस, अशुभ दिवस

आयर्लंड हा हिरव्या कुरणांचा देश. दूध आणि लोणी हेच तेथील गरीब शेतकऱ्याचे धन. पूर्वी तेथे १ मे रोजी उन्हाळा लागला असे मानीत. त्या दिवशी शेजाऱ्याला दूध, लोणी अथवा चुलीतील विस्तव देत नसत. दिल्यास वर्षभराची बरकत घरातून जाते, अशी समजूत होती. दाराशी पिवळी फुले ठेवीत. शनिवारी कोणी नव्या घरी राहावयास जात नसे. ऑक्टोबर सरला, की रानातील ब्लॅकबेरीची फळे खात नसत. 'पूका' नावाचे भूत ती नासवते, असे म्हातारी माणसे सांगत. त्या सुमारास ती फळे थंडीने व ओलाव्याने खरोखरच नासू लागतात! भुताच्या गोष्टीत अनुभवाचे बोल दडले होते.

१९३७ ते १९३९ या काळात तेथील सुमारे ५,००० शाळांतील ५०,००० मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून अशा कितीतरी समजुती वह्यांत उतरवून घेतल्या. ती मुले तुमच्याच वयाची होती. तो संग्रह आज डब्लिन येथील विद्यापीठात जपून ठेवला आहे. मुलांनी विचारले नसते, तर आजीबरोबर तिच्या गोष्टीही गेल्या असत्या.

स्वाध्याय : मे महिन्याच्या पहिल्या दिवशी शेतकरी दूध का देत नसत?