पदवीधर तरुणांसाठी बिशप अझरया ह्यांच्या जीवनातील सहा धडे

(तरुण संघाच्या सभेत किंवा कौटुंबिक उपासनेत वापरण्यासाठी)

शास्त्रवाचन : दानीएल अध्याय १, करिंथकरांस पहिले पत्र ९:१६-२३, फिलिप्पैकरांस पत्र २:१-११

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या बहुतेक मंडळ्यांत एका रविवारी पदवीधरांचा सत्कार होतो. पाळकसाहेब नावे वाचतात, मुले-मुली पुढे येतात, वडीलजनांच्या हस्ते पवित्र शास्त्राची प्रत किंवा पेन दिले जाते आणि आईवडील उपकारस्तुतीचे दान अर्पण करतात. ही चांगली रीत आहे, ती चालू राहावी. पण तीन-चार वर्षांनी त्याच बाकांकडे पाहिले तर त्या नावांपैकी किती जण उपासनेला दिसतात? काही नोकरीनिमित्त परगावी गेलेले असतात, त्याला इलाज नाही. पण काही त्याच शहरात असूनही मंडळीत नसतात, आणि काही येतात ते पाहुण्यासारखे. शिक्षणाने आपली मुले मंडळीला मिळाली की मंडळीपासून गेली, हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती घराला कधी ना कधी पडतोच.

ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्ही एका अशा पुढाऱ्याचे जीवन समोर ठेवीत आहोत, ज्याच्यापाशी पदवी नव्हती. हे वाचून कोणाला नवल वाटेल. पण पदवीची खरी किंमत त्याच्याकडूनच अधिक चांगली कळते.

वेदनायगम सॅम्युएल अझरया ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली भागातील वेल्लाळनविळै ह्या खेड्यात झाला. वडील खेड्यातले पाळक होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील शिक्षणानंतर १८९५ ते १९०९ पर्यंत अझरया वाय.एम.सी.ए.चे सेक्रेटरी होते. पुढे ते निजामाच्या हैदराबाद संस्थानातील डोर्णकल येथे मिशनरी म्हणून गेले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये डोर्णकलचे बिशप म्हणून त्यांची दीक्षा झाली. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. तेव्हा त्यांचे वय ३८ होते. १ जानेवारी १९४५ रोजी ते प्रभूमध्ये झोपी गेले. सिकंदराबादहून काझीपेटमार्गे विजयवाड्याला जाणाऱ्या आपल्या हैदराबादकडील वाचकांनी डोर्णकल जंक्शनचे नाव फलाटावर अनेकदा वाचले असेल. त्याच गावाची ही हकीकत आहे.

१. पदवी हे हत्यार आहे, माप नव्हे

अझरया कॉलेजात हुशार विद्यार्थी होते. पण पदवीच्या अखेरच्या परीक्षेत गणिताच्या पेपराच्या वेळी ते आजारी पडले आणि पदवी राहिली ती राहिलीच. ज्या काळात नावापुढे बी.ए. लागणे म्हणजे सरकारी नोकरीचे दार उघडणे होते, त्या काळात हा आघात लहान नव्हता. तरी त्यांनी स्वतःला अयशस्वी समजून कोपरा धरला नाही. पुढे १९२० साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांस सन्माननीय एलएल.डी. पदवी दिली, पण ती येईपर्यंत त्यांच्या कामाची सर्व दिशा ठरून गेली होती.

ह्याचा अर्थ असा नव्हे की शिक्षण निरुपयोगी आहे. अझरयांनी आयुष्यभर शाळा काढल्या, गावोगावच्या शिक्षकांना व पाळकांना तयार केले. त्यांच्या पत्नी अन्बू मरियम्माळ ह्या दक्षिणेत कॉलेजचे शिक्षण घेतलेल्या पहिल्या काही ख्रिस्ती स्त्रियांपैकी होत्या. दानीएलही बाबेलची विद्या शिकला आणि त्यात सरस ठरला. मात्र आपण कोण आहोत हे त्या विद्येवरून त्याने ठरवले नाही.

पदवीधरहो, सत्काराच्या रविवारी मागच्या बाकावर नापास झालेला एखादा मुलगाही बसलेला असतो, हे विसरू नका. तुम्ही पुढे गेलात म्हणून तो देवाच्या दृष्टीने मागे पडलेला नाही. सभा संपल्यावर पहिला हात त्याच्या खांद्यावर तुमचा पडो.

२. दुसऱ्याने करावे म्हणून थांबू नका

१९०२ साली अझरया सिलोनमधील जाफना येथे गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती तरुण स्वतःच्या पैशाने भारतात सुवार्तिक पाठवीत होते. हे पाहून त्यांच्या मनाला टोचणी लागली. तिरुनेलवेलीची मंडळी जाफन्याच्या मंडळीपेक्षा कितीतरी मोठी. आणि ती मात्र परदेशी मिशनरी येतील, परदेशी पैसा येईल, म्हणून वाट पाहत बसलेली! ते परत आले आणि पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली. २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या स्थापनेत अझरया व त्यांचे मित्र के. टी. पॉल ह्यांचा पुढाकार होता. भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय कारभार हे तिचे तत्त्व होते.

आपल्या मराठी मंडळ्यांपैकी पुष्कळ मिशनच्या आवारात जन्मल्या. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळकांचा पगारही मिशनकडून, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय लागली. मिशनरी गेले, पण सवय गेली नाही. आता मिशनच्या जागी आपण कमिटीला बसवले आहे. वार्षिक सभेत उभे राहून कमिटीने हे का केले नाही, असे विचारणारा सुशिक्षित तरुण पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्याचा प्रश्न खराही असेल. पण वाणिज्य शाखेच्या पदवीधराने मंडळीचे हिशेब नीट लिहून द्यावेत, शिक्षिका झालेल्या मुलीने संडे स्कूलचा एक वर्ग घ्यावा, वकिलाने मालमत्तेचे जुने कागद तपासावेत, म्हणजे त्या प्रश्नाला वजन येते. नहेम्याने यरुशलेमेचा पडका कोट पाहून अश्रू ढाळले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही.

३. खाली उतरा आणि शिका

तरुणांच्या मोठ्या मोठ्या परिषदांत ज्यांचे शब्द ऐकले जात, ते अझरया १९०९ साली पस्तिसाव्या वर्षी एका आडगावी जाऊन राहिले. भाषा तेलुगू, आणि ह्यांची मायबोली तमिळ. कॉलेजात शिकवण्याइतकी विद्वत्ता असलेल्या गृहस्थाला पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या मुलासारखे पहिल्यापासून शिकावे लागले. ज्यांच्यात काम करायचे ते बहुतेक माला आणि मादिगा समाजाचे शेतमजूर होते. गावाबाहेर राहणारे, आणि आपसांतही उच्चनीच मानणारे. प्रभूच्या मेजावर ही भिंत चालणार नाही, असे अझरयांनी शिकवले. पौल सर्वांना सर्व काही झाला, ह्या वचनाचा अर्थ त्या गावांत लोकांना डोळ्यांनी दिसला.

डोर्णकलचे कॅथीड्रल बांधावयास सुमारे पंचवीस वर्षे लागली; ते १९३९ साली समर्पित झाले. त्याचे खांब दक्षिणेतील देवळांच्या धर्तीचे आहेत, तर घुमट व मिनार मुसलमानी वास्तूंची आठवण करून देतात. ख्रिस्त ह्या मातीत परका नाही, हे त्या दगडांतून सांगावे असा त्यांचा हेतू होता.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळ्यांना हा धडा विशेष लागू पडतो. हैदराबाद, इंदूर, बडोदे, बेळगाव येथील आपली मुले इंग्रजी माध्यमातून शिकतात. घरात मराठी बोलतात, पण पवित्र शास्त्राचा एक अध्याय मराठीत वाचायला सांगितला तर अडखळतात. आजीची गीते त्यांना पाठ असतात, अर्थ विचारला तर सांगता येत नाही. पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला मराठी वाचन पक्के करायला किती दिवस लागतील? रोज पाव तास दिला तर वर्ष पुरे व्हावे. आणि त्याच वेळी शेजाऱ्याची तेलुगू, कानडी, गुजराती किंवा हिंदीही नीट शिकावी. आपल्या भाषेमुळे मंडळी टिकते. शेजाऱ्याच्या भाषेमुळे साक्ष पोहोचते. दोहोंत भांडण नाही.

४. सत्य बोला, पण प्रीतीने

१९१० साली एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेहून अधिक प्रतिनिधी होते. त्यांत आशियातील मूठभर. तेथे अझरयांस बोलावयास सांगितले गेले. परदेशी मिशनऱ्यांनी आमच्यासाठी धन दिले, देह झिजवले, ह्याबद्दल त्यांनी मनापासून आभार मानले. आणि मग, आता आम्हांला बरोबरीची मैत्री व प्रीती हवी आहे, असे स्पष्ट मागितले. सभागृहात चुळबूळ झाली, काही जण रागावले. पण शतक उलटून गेले तरी त्या परिषदेतील जी भाषणे आजही स्मरणात आहेत, त्यांत हे अग्रभागी आहे.

त्या भाषणामागे वैर नव्हते. अझरया त्यानंतरही युरोपियन सहकाऱ्यांबरोबर खांद्याला खांदा लावून काम करीत राहिले. ते बिशप होऊ नयेत म्हणून काही मिशनऱ्यांनी विरोध केला, तसा त्यांच्याच तिरुनेलवेलीच्या काही लोकांनीही केला. त्याचा वचपा त्यांनी काढला नाही. सुशिक्षित माणसाला दोन मोह असतात. एक, साहेबासमोर गप्प बसण्याचा. दुसरा, सभेत जिभेचे आसूड ओढण्याचा. ह्या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे, पण प्रभूची आहे.

५. घर आणि पैसा प्रभूच्या हाती द्या

गावकऱ्यांना शिकवताना अझरया चार दुष्ट शत्रूंची नावे घेत : अस्वच्छता, रोगराई, कर्ज आणि दारू. ह्यांपैकी पहिले दोन शिक्षणाने पुष्कळसे हटले. पण उरलेले दोन पदवीधराच्या घरातही शिरतात, फक्त चांगले कपडे घालून येतात. ऐपतीबाहेरचे लग्न, मानपान, हप्त्यांवर घेतलेली गाडी, आणि बढतीच्या मेजवानीत हातात येणारा पहिला पेला. मुलगा शिकला म्हणून हुंड्याचा आकडा वाढत असेल, तर त्या शिक्षणाने कोणाचे भले झाले? वधूपिता कर्जात बुडाला आणि आपण उपासनेत उपकारस्तुतीचे गीत गायलो, हे देवाला कसे रुचावे? ह्या बाबतीत आईवडिलांकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. नाही म्हणण्याचे बळ पदवीधर मुलात असले पाहिजे.

दानाविषयीही अझरयांचा आग्रह होता. ख्रिस्ती दानधर्मावर त्यांनी पुस्तकच लिहिले. डोर्णकलचे शेतमजूर धान्य, कोंबडी, भाजीपाला, जे असेल ते अर्पण म्हणून आणीत. त्यांच्याकडे जे नव्हते ते तुमच्याकडे आहे : महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी येणारा पगार. पहिल्या पगारापासूनच प्रभूचा भाग बाजूला काढण्याची सवय लावा. पहिल्या पगारातून जे निघत नाही ते दहाव्या बढतीनंतरही निघत नाही.

६. ज्याचे फळ आपण पाहणार नाही असेही काम करा

१९१९ साली तरंगमबाडी येथे काही भारतीय पाळक एकत्र आले आणि निरनिराळ्या मंडळ्यांच्या ऐक्याची हाक दिली. त्यांत अझरया प्रमुख होते. पुढची अठ्ठावीस वर्षे बैठका, मसुदे, वाद, पुन्हा बैठका असे चालले. शेवटी २७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिण भारतीय मंडळी अस्तित्वात आली. तोपर्यंत अझरयांना जाऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तीही ऐक्याच्या ह्याच वाटेने. आमच्या वाचकांपैकी अनेक जण आज ज्या मंडळीचे सभासद आहेत, तिच्या पायातील एक दगड अशा माणसांनी ठेवला, ज्यांना इमारत पाहता आली नाही.

आजच्या तरुणाला सर्व काही लवकर हवे असते, आणि पदवी त्याला तीन-चार वर्षांत मिळण्याचीही सवय झालेली असते. मंडळीचे काम असे वर्षांच्या हिशेबात बसत नाही. संडे स्कूलच्या ज्या मुलाला तुम्ही आज वचन पाठ करून घ्याल, ते त्याला कदाचित तुम्ही गेल्यावर आठवेल.

शेवटी एक गोष्ट. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना अझरया स्वतःच्या मस्तकावर हात ठेवावयास लावीत आणि त्यांच्याकडून म्हणवून घेत की, मी बाप्तिस्मा पावलेला आहे आणि सुवार्ता सांगितली नाही तर मला धिक्कार असो. लिहिता-वाचता न येणारा शेतमजूरही हे म्हणे आणि गावात जाऊन त्याप्रमाणे करी. पदवीदान समारंभात तुमच्या अंगावर झगा चढवला गेला असेल. पण त्याआधी, तुम्ही तान्हे असताना किंवा कळत्या वयात, त्याच मस्तकावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले आहे. ते पहिले आहे, आणि मोठेही तेच आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या पाच वर्षांत आपल्या मंडळीतून पदवीधर झालेल्यांची यादी करा. त्यांपैकी कोण कोण मंडळीच्या कामात आहेत? जे नाहीत त्यांच्या घरी कोण जाईल?

२. आपल्या शिक्षणाचा मंडळीला कोणता एक उपयोग येत्या वर्षात करून देता येईल? प्रत्येकाने एकच सांगावा, पण तो तडीस न्यावा.

३. आपल्या मंडळीत जात, भाषा, पगार किंवा शिक्षण ह्यांवरून कोठे भिंत उभी आहे? ती पाडण्याची सुरुवात कोणी करावी?

४. लग्नातील देणेघेणे व कर्ज ह्यांविषयी तरुण संघ मिळून काही निश्चय करील काय?

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांस विद्या दिलीस म्हणून आम्ही तुझी स्तुती करितो. तिचा गर्व आमच्यापासून दूर कर. ज्यांना शिकता आले नाही त्यांच्या सेवेत आमचे शिक्षण खर्ची पडू दे, आणि तुझ्या मंडळीत आम्हांस पाहुण्यासारखे नव्हे तर घरच्यासारखे राहू दे. आमेन.