स्वमग्नता : उपचाराचा शोध आणि स्वीकाराची वाट

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात तिवसा तालुक्यातील एका खेड्यातून एक मुलगा दाखल झाला. घंटा वाजली की तो दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून भिंतीकडे तोंड करून उभा राही. काही विचारले तर उत्तराऐवजी आमचाच प्रश्न पुन्हा म्हणून दाखवी. पंगतीत भाताला वरण लागले तर तो ताटावरून उठून जाई. मात्र अमरावती-नागपूर मार्गावरील एस. टी. गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. आम्ही शिक्षकांनी त्याला आधी हट्टी ठरविले, मग आळशी ठरविले, आणि वंदनेच्या वेळी रांगेत स्थिर उभा राहत नाही म्हणून एकदा शिक्षाही केली. पुढे तज्ज्ञांनी तपासून हा मुलगा स्वमग्न असल्याचे सांगितले, तेव्हा त्या शिक्षेची आम्हाला लाज वाटली. त्याच दिवशी त्याच्या वडिलांनी हात जोडून विचारले, "गुरुजी, पोरगं बरं होईन ना?"

त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढील काळात वाचन, तज्ज्ञांशी चर्चा आणि त्या मुलाचा सहवास यांतून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा साथीचा रोग नव्हे, वेडही नव्हे. मेंदूची वाढच जन्मापासून काहीशा निराळ्या रीतीने होते आणि त्यामुळे बोलणे, नजरेला नजर देणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, आवाज-स्पर्श-चव यांची जाणीव होणे या गोष्टी वेगळ्या घडतात. तिची चिन्हे बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आत दिसू लागतात. रक्ताच्या तपासणीने ती कळत नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणे यांवरूनच निदान होते. आनुवंशिकतेचा तिच्यात मोठा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे ज्या गावात हजार माणसे राहतात, त्या गावातही अशी काही माणसे असणारच. आपण त्यांना 'येडं', 'मुकं', 'तऱ्हेवाईक' म्हणत आलो, एवढेच.

दोष कुणाचा, या प्रश्नाने केलेली हानी

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतरची दोन दशके विज्ञानाला भूषणावह नाहीत. आईच्या थंड, मायाहीन वागणुकीमुळे मूल स्वतःत कोंडले जाते, असा सिद्धान्त रूढ झाला. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून त्याचा मोठा प्रसार केला. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेचे मूळ शरीरात आहे असे साधार मांडले होते. रिमलंड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. तरीही असंख्य मातांनी तो कलंक वर्षानुवर्षे वाहिला. आपल्याकडे तो कलंक वेगळ्या शब्दांत येतो. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कुणाची नजर लागली, बाहेरची बाधा झाली, असे आईलाच ऐकविले जाते. शब्द वेगळे असले तरी आरोपी एकच आहे.

दोष शोधण्याच्या पाठोपाठ उपाय विकणारे येतात. १९९८ साली इंग्लंडमधील अँड्र्यू वेकफिल्ड याने अवघ्या बारा मुलांच्या आधारे गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडला. तो लेख नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. तोवर अनेक मुले लसीवाचून राहिली होती. शरीरातील जड धातू काढून टाकण्याच्या नावाखाली दिलेल्या औषधाने २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा प्राण गेला.

आपल्या देशात आज मूळपेशींच्या उपचाराची जाहिरात होते आणि पालक त्यासाठी कर्ज काढतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही विकार वगळता असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळानेही डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करता येत नसल्याचे स्पष्ट केले. मुंबईच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. ही संस्था जुहू येथे 'कॅफे अर्पण' चालविते आणि तेथे स्वमग्न व बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग तरुण काम करतात. खोट्या आशेला विरोध करणे आणि खरे काम उभे करणे, या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेने केल्या, हे आम्हाला लक्षणीय वाटते.

स्वीकार म्हणजे काय, आणि काय नव्हे

१९९३ साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने टोरंटो येथील परिषदेत पालकांना उद्देशून एक भाषण केले. तुम्ही मनात योजलेले मूल आले नाही म्हणून शोक कराल, पण जे मूल आले आहे ते तुमच्यासमोर जिवंत आहे आणि तुमची वाट पाहत आहे, हा त्याचा आशय होता. पुढे स्वमग्नता हा माणसामाणसांतील नैसर्गिक भेदांपैकी एक आहे, असा विचार रुजला. गुरेढोरे कशाला बिचकतात हे जाणून त्यांच्यासाठी गोठे व वाटा आखणाऱ्या अमेरिकेतील प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या आमच्या वाचकांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक स्वमग्न मूल प्राध्यापक होणार नाही. काही मुले आयुष्यभर बोलत नाहीत. काही स्वतःचे डोके भिंतीवर आपटतात. काहींना फेफरे येतात, काहींना रात्ररात्र झोप नसते. अशा मुलाच्या आईला 'हा केवळ वेगळेपणा आहे' असे सांगून निघून जाणे, हीही एक निष्ठुरताच होय. म्हणून आम्ही भेद असा करतो : फेफरे, निद्रानाश, स्वतःला इजा करणे, पोटाचे दुखणे यांवर औषधोपचार अवश्य व्हावेत. वाचा-उपचार व व्यवसायोपचार जितके लवकर मिळतील तितके चांगले, कारण त्यांनी मुलाला आपले म्हणणे पोहोचविता येते. मात्र हात हलविणे, एकटे बसणे, तेच ते बोलणे हे कुणाला इजा करीत नसेल, तर केवळ लोक हसतात म्हणून मुलाला मारून-मुटकून इतरांसारखे करू नये. दुःख मुलाचे असेल तर त्यावर उपाय करावा. लाज आपली असेल तर उपाय आपल्यावर करावा.

बौद्ध वाङ्मयात चूळपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या थोरल्या भावानेच त्याला विहारातून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला परत बोलावून एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते हाताने चोळीत राहण्यास सांगितले. मळत गेलेल्या वस्त्राकडे पाहता पाहता त्याला अनित्यता उमगली. शिष्य तोच होता. गुरूने पाठ बदलला. शिक्षक म्हणून आम्ही या कथेपुढे नेहमी नतमस्तक होतो.

आपल्या जिल्ह्यातील वाट

"आमच्यामागं याचं काय?" हा पालकांचा सर्वांत खोल प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे उभे आहे. टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग व मतिमंद मुलांना शंकरबाबा पापळकर यांनी तेथे आपले आडनाव दिले. अठरा वर्षे पूर्ण झाली की अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, यासाठी ते सातत्याने झगडले. त्या मुलांनी माळरानावर झाडे लावून जगविली. तेथे वाढलेल्या एका अंध कन्येने २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यश मिळविले आणि त्याच वर्षी बाबांना पद्मश्री जाहीर झाली. मुलाला आधी आपले म्हणायचे आणि मग त्याला काय जमते ते पाहायचे, हा वझ्झरचा क्रम आहे. आपण बहुधा उलट करतो.

दुसरे उत्तर कायद्यात आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असून, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानीय समितीमार्फत कायदेशीर पालक नेमता येतो. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र म्हणजे कपाळावरचा शिक्का, असे समजून पुष्कळ पालक ते टाळतात. आमचा आग्रह आहे की ते घ्यावे. हक्क मागायला कागद लागतो, हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक असणार?

आम्ही काय बदलले

त्या मुलासाठी आम्ही फार मोठे काही केले नाही. घंटेपूर्वी पाच मिनिटे एक सोबती त्याला जाऊन सांगू लागला. वरण वेगळ्या वाटीत दिले. दिवसभराचा क्रम चित्रांसह त्याच्या खाटेजवळ लावला. वंदनेच्या वेळी त्याला रांगेच्या टोकाला, दाराजवळ बसण्याची मुभा दिली. सुटीत गावी जाणाऱ्या मुलांना गाडीची वेळ सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. वर्षभरात त्याने कान झाकणे पुष्कळ कमी केले. बोलणे मात्र आजही मोजकेच आहे. बाकीच्या मुलांनी त्याला चिडविणे सोडले, ही त्या वर्षाची आमच्या मते सर्वांत मोठी कमाई होय.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की आपल्या गावात असे मूल असेल तर त्याच्या घरी जावे. त्याला देवऋषीकडे किंवा जाहिरातबाज दवाखान्याकडे नेले जात असेल तर पालकांना दोष न देता जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवावी, प्रमाणपत्राच्या कामी सोबत जावे आणि त्या मुलाला लग्नाकार्यात, जयंतीत, पंगतीत बोलवावे.

त्या वडिलांच्या प्रश्नाला आज आम्ही असे उत्तर देऊ : "दादा, तो आजारी नाही, त्यामुळे बरा होण्याचा प्रश्न नाही. त्याला जिथे दुखते तिथे औषध करू, जिथे अडते तिथे शिकवू. उरलेले आपल्याला शिकायचे आहे."